तगर : मातीआड गेलेले नगर

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेने पाँपेई एकाएकी गाडले. धाराशिव जिल्ह्यातील तगर, म्हणजेच आजचे तेर, मात्र हळूहळू मातीआड गेले.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ही ग्रीक व्यापारी मार्गदर्शिका सांगते : पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर, येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई.

पुढे तो व्यापार ओसरला, जुनी घरे खचली. गाव नांदत राहिले. तेरणाकाठी पांढरीच्या टेकाडांवर मात्र गवत माजले. पावसाने माती धुपली की मणी, नाणी उघडी पडत. असे अवशेष रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवले. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

मातीने झाकले, म्हणून हे टिकले. नोंद न ठेवता ती उपसली, तर वस्तू हाती येते. तिचा काळ सांगणारा थर कायमचा जातो.