लव्हेंडरच्या खालची व्हॅनिला

१८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल टॉवर उभा राहिला आणि त्याच वर्षी एमे गेर्लँ यांनी ‘जिकी’ नावाचं अत्तर बाजारात आणलं. माझी सारी नोकरी साबणांचे सुगंध जुळवण्यात गेली, त्यामुळे मला या दोन बांधकामांतलं दुसरं अधिक धाडसाचं वाटतं.

जिकीचा पहिला वास लव्हेंडरचा. सोबत रोझमेरी आणि बर्गमॉट. कडवट, हिरवा, किंचित कापरासारखा, न्हाव्याच्या दुकानातून नुकत्याच उठलेल्या माणसाचा वास. मग हळूहळू खालून व्हॅनिला आणि कुमारिनची गोडी वर येते. आजच्या नाकाला यात काही वावगं वाटणार नाही. पण त्या काळी सभ्य घरातल्या फ्रेंच बायका रुमालावर एखाद्या फुलाचं अत्तर शिंपडत: गुलाब, व्हायोलेट, हेलियोट्रोप. अत्तरानं फूल आठवावं एवढीच अपेक्षा असे. जिकी हुंगून कुठलंच फूल आठवत नव्हतं.

यातल्या गोडीची कथा एका बेटावर सुरू होते. व्हॅनिलाचा वेल मेक्सिकोबाहेर नेऊन लावला तरी शेंगा धरेनात. १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एदमाँ आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीकरण करून दाखवलं. त्याच्या युक्तीवर बेटाचा व्हॅनिलाचा सारा व्यापार उभा राहिला. तो स्वतः १८८० मध्ये दारिद्र्यात मेला. अत्तरांच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर असायला हवं, असं मी शिकाऊ मुलींना दरवर्षी सांगत आले.

शेंगा तरीही महागच राहिल्या, कारण एकेक फूल हातानं फळवावं लागे. मग रसायनशास्त्र मदतीला आलं. टोंकाच्या बियांत आणि सुकत्या गवतात असतं ते कुमारिन विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडाच्या रसातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलं. १८८२ मध्ये ऊबिगाँ या पेढीच्या पॉल पार्के यांनी ‘फुजेर रोयाल’मध्ये कुमारिन वापरलं. वाट त्यांनी पाडली, हे मान्यच करायला हवं.

पुष्कळ लेखक इथे जिकीचं सारं श्रेय प्रयोगशाळेला देऊन मोकळे होतात. ते मला पटत नाही. व्हॅनिलिन हाताळणं किती अवघड आहे हे साबणवाल्यांना विचारा. थोडं जास्त पडलं की अंगाला केकचा वास येतो, आणि पांढरी वडी दुकानात पडल्या पडल्या तपकिरी होते. नुसती गोडी चटकन मिठ्ठ होते. पुरणात जायफळ जे काम करतं, ते जिकीत लव्हेंडरच्या कडवटपणानं केलं. त्याखाली एमे यांनी जवादी कस्तुरी ठेवली, म्हणजे सिव्हेट मांजराच्या ग्रंथींतला स्राव. तो जसाच्या तसा हुंगला तर माणूस तोंड फिरवतो. अगदी विरळ केला की त्याच वासाला त्वचेची ऊब येते. औषधी वनस्पती, मिठाई आणि जनावर ही तिन्ही एका बाटलीत नांदवणं हे हाताचं आणि नाकाचं काम होतं. त्याचं सूत्र पर्किन किंवा हारमान देऊ शकले नसते.

गिऱ्हाइकं बिचकली. आधी ते पुरुषांनी उचललं. बायकांनी आपलंसं केलं ते विसाव्या शतकात.

एमे यांचे पुतणे जाक गेर्लँ यांनी जिकीच्या बाटलीत एथिल व्हॅनिलिन ओतून पाहिलं आणि त्यातून ‘शालिमार’ जन्मलं, अशी कथा सांगतात. एथिल व्हॅनिलिन साध्या व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी तीव्र. १९२५ मध्ये आलेलं ते अत्तर जगभर गाजलं. त्यात गोडी जिंकली आणि लव्हेंडर मागे पडलं. माझं मन मात्र जिकीकडेच ओढ घेतं.

प्रयोगशाळेत नव्या आलेल्या मुलींना मी दोन्हींचे ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायच्या कागदी पट्ट्या, शेजारी शेजारी देत असे. शालिमार त्यांना लगेच आवडे. जिकीपाशी त्या अडखळत, आणि हमखास विचारत, “मॅडम, हे पुरुषांचं की बायकांचं?” मी त्यांना लव्हेंडर उडून जाईपर्यंत, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत, थांबायला सांगत असे आणि मग पुन्हा हुंगायला लावत असे.