पुन्हा सायकलीकडे

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेली सायकल पुन्हा घ्यावी, असे ज्यांच्या मनात येते, त्यांची दुकानात पाऊल टाकताच थोडी धांदल उडते. पूर्वी बावीस इंची की चोवीस इंची, एवढे सांगितले की काम भागे. आता गिअर किती, ब्रेक तबकडीचे की साधे, फ्रेम पोलादाची की अ‍ॅल्युमिनियमची, असे प्रश्न पुढे येतात. हे यंत्र आपल्या ओळखीचे उरले नाही, असे वाटू लागते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल द्रायस याने जी दुचाकी चालवली, तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय रेटीत ती हाकावी लागे. १८७० नंतर उंच चाकाची सायकल प्रचारात आली. तिचे पायडल पुढच्याच चाकाला जोडलेले असत. चाक मोठे तितका वेग अधिक. परंतु पाय पुरेल त्याहून मोठे चाक घेता येत नसे. म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाने चाक ठरे. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ काढली आणि साखळीने मागचे चाक फिरवून ही अडचण दूर केली. आता दातेरी चक्रांच्या लहानमोठेपणाने वेग साधू लागला. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉपने हवा भरलेला टायर सिद्ध केला. आजची भारी किमतीची सायकलही वंशाने या रोव्हरचीच होय. तिचे गिअर म्हणजे त्याच चक्रांचा वाढलेला परिवार. म्हणून नव्या गिऱ्हाइकाने गिअर मोजण्याआधी फ्रेम व सीट आपल्या पायांना जुळते की नाही, ते पाहावे.

बदलली ती सायकलीची प्रतिष्ठा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा ही पायगाडी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. चालवायला शिकवण्याचे ते पंधरा रुपये घेत. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने निघाले आणि सायकल कारकुनाच्या व शिक्षकाच्या घरी आली. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा आणि ‘डबलसीट’चा दंड हे नागरिकशास्त्राचे पहिले धडे झाले. सरकारी नोकराला सायकलीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळे. केंद्र सरकारने तो २०१६ साली बंद केला. तोवर स्कूटर व मोटारसायकलीने कचेरीचे आवार व्यापले होते. ज्याला परवडले त्याने सायकल सोडली, आणि ती गरिबीची खूण मानली जाऊ लागली.

परंतु हा सगळ्यांचा इतिहास नव्हे. १९९१-९२ च्या सुमारास तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. मध्यमवर्ग जी वस्तू अडगळीत टाकीत होता, तिनेच या स्त्रियांना कोणाची वाट न पाहता बाजाराला नि कामावर जाता येऊ लागले. शहरांतही वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, बांधकामावरचा मजूर यांनी सायकल कधी सोडलीच नाही. रस्ता मात्र त्यांच्या पायांखालून निघून गेला. मोटारींसाठी तो रुंद झाला, आणि सायकलस्वार गटाराच्या कडेला ढकलला गेला.

हे अटळ होते असे नाही. हॉलंडमध्येही युद्धोत्तर काळात मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अपघातांत मुले दगावू लागली, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला जोर आला. तेथील आजचे सायकलमार्ग या आग्रहाचे फळ आहेत. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले. तथापि, एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सायकलमार्ग आखले गेले, तरी अनेक ठिकाणी त्यांवर उभ्या केलेल्या मोटारी आणि हातगाड्याच दिसतात.

आज जो पुन्हा सायकल घेतो, तो बहुधा प्रकृतीसाठी घेतो. त्यात गैर काही नाही. पण त्याला अर्ज लिहिता येतो, आणि त्याचे म्हणणे महापालिकेत ऐकले जाते. सायकल कधीच न सोडलेल्या मजुराला ही सोय नव्हती. परत आलेल्याने रस्ता मागावा तो रविवारच्या सकाळपुरता नव्हे. रोज पहाटे कामावर निघणाऱ्या त्या मजुरालाही निर्धास्त जाता येईल, असा तो असावा.