बोर्ड देणाऱ्याचा, हिशोब घेणाऱ्याचा

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात शिरा. सभामंडपावर, व्यायामशाळेवर, समाजमंदिरावर एक बोर्ड दिसतोच: अमुक निधीतून, अमुक साहेबांच्या प्रयत्नातून. देणाऱ्याचं नाव ठळक. पैसा आपलाच असतो, पण ते सोडा. त्याच गावात एखादी संस्था शाळा चालवते, वसतिगृह चालवते, दुष्काळ पडला की चारा छावणी चालवते. तिला सरकारकडून वर्षाला किती रुपये आले आणि ते कशावर गेले, याचा बोर्ड मी तरी अजून पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, मी पोस्ट दुरुस्त करतो.

ही सवय आजची नाही. फार जुनी आहे.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग म्हणून. (आपला स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ ला.) त्या राज्यात सरकारी मदत दोन वाटांनी जायची, जमीन आणि रोख. कुणाच्या पोटापाण्यासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. देऊळ, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. या हक्काचा कागद म्हणजे मुंतखब. आजही इनामी जमिनीचा वाद निघाला की वकील आधी विचारतो, मुंतखब आहे का? वारसाची, हक्काची चौकशी अतियातकडे व्हायची. म्हणजे नोंद नव्हती असं कुणी समजू नये. नोंद चांगली कडक होती. पण तो मामला सरकार आणि इनामदार या दोघांतला. ज्या रयतेच्या शेतसाऱ्यातून हे जायचं तिला दप्तर बघायचा हक्क नव्हता, आणि बघितलं असतं तरी वाचता आलं नसतं. दप्तराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू.

याच निजामाने १९३२ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी वर्षाला १००० रुपये, अशी ११ वर्षांची मदत मंजूर केली. अतिथीगृहालाही पैसे दिले. ते निजाम गेस्ट हाऊस आजही तिथे आहे. ही देणगी सगळ्यांना माहीत आहे, कारण नाव इमारतीला आहे. आपल्या गावच्या देवळाला किंवा दर्ग्याला काय मिळत होतं हे शोधायचं असेल तर मात्र दप्तरच उघडावं लागतं.

राज्य गेल्यावर १९५४ साली हैदराबादच्या नव्या सरकारने इनामं आणि रोख अनुदानं रद्द करण्याचा कायदा केला. कायद्याच्या नावातच रोख अनुदान आहे. धार्मिक संस्थांची इनामं त्यातून वगळली गेली. म्हणून देवस्थान आणि दर्ग्याच्या जमिनींची भांडणं मराठवाड्यात अजून संपत नाहीत. इनाम काय होतं, अट काय होती, हे गावाला कधी वाचून दाखवलंच नव्हतं ना!

आपल्याकडे ही अवस्था असताना पुण्याकडे इंग्रजी अमलात थोडं वेगळं घडत होतं. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. १८१८ ला पेशवाई गेली, पण कंपनी सरकारने दक्षिणेची प्रथा छोट्या प्रमाणात चालू ठेवली. त्याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारक तरुणांनी अर्ज केला की या फंडातला काही भाग मराठी ग्रंथांना द्या. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना मारहाणीची भीती होती आणि जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की सरकारचा पैसा कुणाच्या पदरात जातो यावर मराठी माणसं रस्त्यावर उघड भांडली. १८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगापुढे तोच मुद्दा शिक्षणाबद्दल मांडला: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर.

खासगी शाळांना अनुदान देण्याची आजची पद्धतही त्याच काळातली, १८५४ च्या वूडच्या खलित्यातली. अनुदान घ्यायचं तर सरकारी तपासणी मान्य करायची, ही अट तेव्हापासून. इथे जरा थांबा. तपासणीचा अहवाल जायचा साहेबाकडे. पुन्हा मामला दोघांतला, गाव बाहेरच.

आता एकदम आपल्या आठवणीतल्या काळात येतो. ३, ४ आणि ५ ऑक्टोबर २०११. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. महसूलचे लोक शाळेत आले, मुलं मोजली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, म्हणजे तेच पोरगं दुपारी दुसऱ्या शाळेत दिसायला नको. याची सुरुवात आपल्या मराठवाड्यातच झाली होती, नांदेडला. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी जिल्ह्यापुरती मोजणी केली. पटावरची आणि वर्गातली संख्या जुळेना. मग सरकारला राज्यभर करावी लागली. पटावर आहेत पण वर्गात सापडली नाहीत अशी मुलं निघाली २० लाखांच्या घरात. त्यातली काही खरोखर आजारी असतील, काही उसतोडीच्या तयारीत असतील. पण सगळी?

कागदावरच्या एका मुलाने काय होतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पटावरून तुकड्या ठरतात. तुकड्यांवरून संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती ते. शिक्षकांवरून वेतन अनुदान. शिवाय पोषण आहाराचा तांदूळ, पुस्तकं, गणवेश. म्हणजे पट फुगवला की पदं फुगतात, आणि पद भरताना काय चालतं ते या पोस्टवर लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. यात मार खातो तो खरा शिक्षक. २० टक्के, ४० टक्के अनुदानासाठी आझाद मैदानावर वर्षानुवर्षं बसलेले गुरुजी आठवा. सरकार म्हणतं पैसा नाही. पैसा न जन्मलेल्या पोरांच्या नावावर गेलेला असतो.

आणि ही गोष्ट गावाला माहीत नव्हती? प्रत्येक गावाला माहीत होती. आपल्या शाळेत किती पोरं जातात हे पारावर बसलेला म्हातारासुद्धा सांगेल. त्याला फक्त एक माहीत नव्हतं: कागदावर किती लिहिलीत. तो आकडा शाळेच्या भिंतीवर असता तर तीन दिवस सगळी यंत्रणा कामाला लावायची वेळ आली नसती.

छावण्यांचंही हेच. २०१२-१३ चा दुष्काळ जालनेकरांना सांगायला नको. जनावरं जगवायला छावण्या लागतातच, माझा त्याला विरोध नाही. छावणी चालवायची संस्थेने, सरकारने द्यायचं दर जनावरामागे रोजचं ठरलेलं अनुदान, मोठ्याला एक दर, लहानाला निम्मा. म्हणजे पुन्हा डोकी मोजण्याचा प्रश्न. त्या दुष्काळातल्या सोलापूर, सातारा, सांगली, नगर भागातल्या छावण्यांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि हजाराहून जास्त छावण्यांमधल्या अनियमितता समोर आल्या. पुढे २०१९ ला शेजारच्या बीडमध्ये प्रशासनाने अचानक तपासणी केली तेव्हा कागदावरच्या आणि दावणीच्या जनावरांत फरक निघाला. दावण तर उघड्यावर असते! पण रोजचा आकडा कुणी उघड्यावर लावत नव्हतं.

आता आपल्या दाराशी. अंबड आणि घनसावंगी तालुक्यातलं अतिवृष्टी अनुदानाचं प्रकरण ताजं आहे. २०२२ ते २०२४ मधल्या मदतीच्या याद्यांत दुबार नावं, जमीन नसलेल्यांची नावं घुसवल्याचा आरोप झाला, कर्मचारी निलंबित झाले आणि २०२५ मध्ये अंबडला गुन्हा दाखल झाला. रक्कम २५ कोटींच्या आसपास. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, मी कुणाचं नाव घेत नाही. हा पैसा संस्थांचा नव्हे, शेतकऱ्यांचा, पण कुलूप तेच. मदतीच्या शासन निर्णयांत शेवटी शेवटी एक ओळ असते: वाटप झाल्यावर लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. तुमच्यापैकी किती जणांनी ती ओळ वाचली आहे? आणि किती जणांच्या गावात ती यादी ग्रामसभेत वाचली गेली?

वाचून दाखवणं ही साधी गोष्ट वाटते, पण माहितीच्या अधिकाराचा कायदा तिथूनच आला. राजस्थानात १९९४ पासून मजुरांनी तंबू टाकून जनसुनावण्या घेतल्या. मस्टर मोठ्याने वाचायचं, नाव आलं की लोक सांगायचे, हा तर मेलाय, ही कामावर आलीच नव्हती. आपल्या राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राच्या आधीचा. त्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणं करावी लागली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून.

त्या कायद्यातलं कलम ४(१)(ख) पाठ करून ठेवा. अर्ज न करता, आपणहून कार्यालयाने काय जाहीर करायचं याची १७ मुद्द्यांची यादी त्यात आहे. बारावा मुद्दा: अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांची पद्धत, दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील. कॅनडात २५ हजार डॉलरपेक्षा मोठं प्रत्येक सरकारी अनुदान कुणाला दिलं ते इंटरनेटवर टाकतात. आपला कायदा तर रकमेची मर्यादाही घालत नाही.

संस्थेलाच माहिती मागता येते का? कलम २(ज) म्हणतं, सरकारकडून मोठ्या प्रमाणावर पैसा मिळणारी बिगरसरकारी संस्थाही यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की नुसती नोंदणी आणि देखरेख पुरत नाही, भरीव पैसा असावा लागतो. मग १७ सप्टेंबर २०१९ ला (आपला मुक्तिसंग्राम दिन, योगायोग बघा) डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात स्पष्ट केलं की भरीव म्हणजे निम्म्याहून जास्तच असं नाही, सवलतीत दिलेली जमीनसुद्धा धरता येते. शिक्षणसंस्थांचं जाळं असलेल्या मराठवाड्यात या निकालाची चर्चा व्हायला हवी होती. झाली नाही.

मी एकदा एका कार्यालयात एका संस्थेच्या अनुदानाची माहिती मागितली. उत्तर आलं, त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही. पैसा माझा, देणारं सरकार माझं, आणि मीच त्रयस्थ! अपील केलं, आठ महिन्यांनी तीन पानं मिळाली.

हे आता आणखी अवघड होणार आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का हे बघावं लागे, ती अट निघाली. पण घाबरू नका. संस्था म्हणजे व्यक्ती नव्हे, तिचं अनुदान म्हणजे कुणाची खासगी माहिती नव्हे. आणि व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे सांगणारं कलम ८(२) अजून जागेवर आहे.

ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी फार लांबण लावू नका. नमुना अ, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि मजकूर एवढाच: "२०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांत आपल्या कार्यालयाने ज्या संस्थांना अनुदान दिले त्यांची नावे, रक्कम, अनुदानाचा हेतू, मंजुरी आदेशाची प्रत आणि संस्थेने सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत द्यावी. ही माहिती कलम ४(१)(ख) नुसार आधीच प्रसिद्ध केली असल्यास कुठे केली ते कळवावे." शेवटचं वाक्य गाळू नका, खरी गंमत त्यात आहे. उत्तर आलं की फोटो काढून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, आणि मला इथे टॅग करा.