शिवाजी पार्कवरील गुरु आणि शिष्य

क्रिकेटच्या इतिहासांत नांवें उरतात तीं खेळाडूंचीं. शिक्षकाचें नांव क्वचितच कोणाच्या ओठीं येतें. रमाकांत आचरेकर हे या नियमाला अपवाद. स्वतः त्यांना प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळावयास मिळाला, तोहि स्टेट बँकेच्या संघाकडून १९६३-६४ च्या हंगामांत. परंतु दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनीं जीं मुलें शिकविलीं, त्यांतून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर असे कसोटी खेळाडू निघाले. कोवळ्या वयाच्या मुलांकडून एवढे कष्ट हा मनुष्य कसे करवून घेई?

सचिन त्यांच्याकडे आला तो १९८४ सालीं, अकराव्या वर्षीं. दिवसभराच्या सरावानें मुलगा थकला कीं आचरेकर यष्टींवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील, नाणें त्याचें. कोणालाच तें न साधलें तर सचिनचें. अशीं तेरा नाणीं सचिननें मिळविलीं आणि मोठमोठ्या पारितोषिकांच्या बरोबरीनें जपून ठेविलीं. रुपयाची किंमत ती काय! पण लक्ष देऊन खेळ, असें शंभरदां बजावून जें होत नाहीं, तें त्या नाण्यानें होई. सरावाच्या शेवटच्या घटकेलाहि सामन्याची धार येई. उपदेश थोडा आणि प्रसंग फार, अशी ही पद्धति होती. स्कूटरवर मागें बसवून मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळावयास नेणें, हा तिचाच भाग.

शिस्त मात्र कडक. ठरलेला सामना टाकून सचिन एकदां शाळेच्या वरिष्ठ संघाचा खेळ पाहावयास वानखेडे मैदानावर गेला, तेव्हां आचरेकरांनीं त्याच्या थोबाडींत दिली आणि बजावलें कीं, दुसऱ्यांसाठीं टाळ्या पिटीत बसूं नकोस. लोकांनीं तुझ्यासाठीं टाळ्या पिटाव्या असें खेळ. ही हकीकत सचिननेंच पुढें कृतज्ञतेनें सांगितली. तथापि चपराक ही कांहीं शिक्षणाची रीत नव्हे. त्या दिवशीं मुलानें कोठें खेळावें याची तजवीज शिक्षकानें आधींच करून ठेविली होती, एवढाच भाग त्या गोष्टींतून घेण्याजोगा.

‘चांगला खेळलास’ हे शब्द आचरेकर कधीं उच्चारीत नसत. मुलगा सैल पडेल, ही भीति. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं निवृत्तीच्या भाषणांत सचिननें थट्टेनें विनविलें कीं, आतां सामनेच उरले नाहींत, तेव्हां सरांनीं शाबासकी द्यावयास हरकत नसावी. सचिनला हें मौन मानवलें. पण त्याच्या पाठीशीं वडील होते, थोरला भाऊ अजित होता. सर्वांनाच तें मानवेल असें नाहीं.

फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर, हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत, शारदाश्रमच्या सचिन-विनोद जोडीनें सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धांवांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. डाव सोडण्याविषयीं बाहेरून येणाऱ्या खुणांकडे दोघांनींहि खुशाल काणाडोळा केला! पुढें एक चोवीस वर्षें देशासाठीं खेळला. दुसऱ्याची शेवटची कसोटी १९९५ सालींच झाली. वय तेवीस, सतरा कसोटींतील सरासरी ५४. याचीं कारणें अनेक असतील. परंतु एका गुरूची एकच रीत सर्व शिष्यांना पुरते, असें म्हणण्यास ही जोडी आधार देत नाहीं.

त्या सामन्यांत तेरा वर्षांचा तिसरा एक मुलगा पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. ती आलीच नाहीं. हा अमोल मुझुमदार. १९९४ सालीं मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यांत त्यानें हरियाणाविरुद्ध २६० धांवा केल्या, पुढें प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धांवा जमविल्या. पण भारताच्या संघांत त्याची पाळी कधींच आली नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें भारतीय महिला संघाचे शिक्षक म्हणून मुझुमदारांची नेमणूक झाली. २०२५ च्या विश्वचषकांत हा संघ लागोपाठ तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडशीं तर अवघ्या चार धांवांनीं. त्या रात्रीं मुझुमदार खेळाडूंशीं कडक शब्दांत बोलले. कर्णधार हरमनप्रीत कौर हिनें पुढें सांगितलें कीं तें मनापासूनचें होतें, म्हणून कोणीं वाईट मानलें नाहीं. इंदूरच्या सामन्यांतून वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्जला परत घेण्यांत आलें. उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें ३३८ धांवा केल्या, तेव्हां मुझुमदारांनीं फळ्यावर एवढेंच लिहिलें कीं, त्यांच्यापेक्षां एक धांव अधिक हवी. जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर गेली आणि नाबाद १२७ करून परतली. २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव झाला, तेव्हां हरमनप्रीत मैदानांतच मुझुमदारांच्या पायां पडली. आचरेकरांना जाऊन त्या वेळीं सहा वर्षें दहा महिने झाले होते.