शस्त्र आणि शीव

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारे पुसूनपासून पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी गावची शीव ओलांडून आपट्याची पाने लुटून येतो. शेतकऱ्याचे हत्यार म्हणजे कोयता आणि विळा, सुताराची करवत व पटाशी, शिंप्याची कात्री. ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार असेल ते ती म्यानातून काढतात. पूजा शस्त्राची आणि लगेच दुसऱ्या दिवशी उल्लंघन सीमेचे, असा हा क्रम आहे, आणि तो उगीच पडलेला नाही. पावसाळा सरे, नद्या उतरत, वाटा मोकळ्या होत, आणि मराठी फौजा शीव ओलांडून मुलूखगिरीस निघत. शस्त्र घ्यावे आणि शीव ओलांडावी, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांच्या मनात एकाच वाक्यात बसत होत्या.

पुढे या दोन शब्दांच्या मध्ये एक तिसरा शब्द येऊन बसला. तो शब्द म्हणजे परवाना. तो कसा आला, कोणी आणला आणि आज तो कोणत्या रूपाने आपल्यापाशी आहे, ही हकिगत मनोरंजक आहे. पण केवळ मनोरंजक नाही. राजा आपल्या प्रजेवर किती विश्वास टाकतो हे पाहायचे असेल, तर प्रजेच्या घरात काय आहे हे पाहून भागत नाही. घरातली वस्तू घेऊन तिला रस्त्यावर किती लांब जाता येते, हे पाहावे लागते.

मावळातल्या बेडशाची लेणी पुष्कळांनी पाहिली असतील. कामशेतहून पवनेच्या खोऱ्याकडे निघाले म्हणजे डोंगराच्या कुशीत हे गाव लागते, आणि पायऱ्या चढून वर गेले की त्या भव्य चैत्यगृहाचे खांब समोर येतात. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. ही मंडळी दोन हजार वर्षे प्रवासालाच निघालेली आहेत असे वाटते. दाराजवळच्या शिलालेखात हे दान नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याने दिल्याचे नोंदले आहे. कुठे नाशिक आणि कुठे बेडसे! परंतु कोकणातली बंदरे आणि देशावरच्या पेठा यांना जोडणारी घाटवाट याच मुलखातून जात होती, आणि व्यापाऱ्यांचे तांडे तिच्यावरून चालत होते. जिथे वाट असते तिथे माल असतो, जिथे माल तिथे चोर, आणि जिथे चोर तिथे हत्यारबंद सोबत ही आलीच. वाटेवरचे हत्यार हा प्रश्न त्या वाटेइतकाच जुना आहे.

जुन्या राजवटींनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. घाटमाथ्यावर जकातीची नाकी असत, मालाबरोबर दस्तक लागे, परमुलखातून जायचे तर राहदारीचा परवाना लागे. पण त्या नाक्यांवरचा कारकून मुख्यतः पैसा मोजत असे. वाटसरूच्या कमरेला तलवार आहे म्हणून त्याला कोणी अडवीत नसे. उलट ती नसती तरच त्याच्याविषयी काळजी वाटली असती. राज्यकर्त्याचे मस्तक फिरे ते शत्रूकडे शस्त्र जाताना दिसले म्हणजे. सन 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेला, आणि आपले निशाण फडकावून त्याने गडावर गोळे टाकले. व्यापारी म्हणून आलेल्या माणसाने शस्त्र घेऊन शीव ओलांडली होती. महाराजांनी हे ध्यानात ठेवले. 1661 मध्ये राजापूरवर चाल करून त्यांनी वखार लुटली, आणि रेव्हिंग्टन व त्याचे सोबती यांना कैदेत टाकले. त्या इंग्रजांना पुढे जवळजवळ दोन वर्षे बंदिवासात काढावी लागली. इतिहासाचा विनोद असा की, शस्त्राच्या वाहतुकीबद्दल मराठ्यांकडून शिक्षा भोगलेल्या या कंपनीच्याच वारसांनी पुढे मराठ्यांच्या शस्त्रांवर पहारा बसवला.

मार्च 1818 मध्ये बेडशाच्या शेजारचे विसापूर आणि लोहगड हे दोन्ही किल्ले कर्नल प्रॉथरच्या फौजेने घेतले. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला आणि 1863 साली आगगाडीही घाट चढून वर आली. वाट रुंद झाली, पण त्याच वेळी हत्याराची वाट अरुंद होत चालली होती. 1857 च्या उठावाने इंग्रज हादरला होता. त्याच वर्षी आणि पुन्हा 1860 साली त्याने हत्यारांसंबंधी कायदे केले, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, मार्च 1878 मध्ये, सर्व देशाला लागू होईल असा अकराव्या क्रमांकाचा हत्यारांचा कायदा आणला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच महिन्यातला. जीभ आणि हात एकाच महिन्यात बांधले गेले.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला हे तर होतेच, पण धनुष्यबाणही होते! परवान्यावाचून हत्यार घेऊन फिरायचे नाही, हा त्याचा गाभा. सरहद्दीवर झडतीची ठाणी बसवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. त्या ठाण्यांवर गाड्या, ओझ्याची जनावरे, पेट्या, गासड्या, सारे काही थांबवून तपासता येई. आणखी एक कलम तर असे की, हत्यार नेणाऱ्या माणसाचा एकंदर रंग संशयास्पद दिसला, तर त्याच्यापाशी परवाना असो वा नसो, त्याला पकडता येत होते. म्हणजे कागद खरा असूनही माणूस खोटा ठरू शकत होता. आणि हा संशय सर्वांवर सारखा नव्हता. युरोपियनांना सूट होती. सरकारशी इमान राखले म्हणून कूर्गच्या कोडव लोकांनाही सूट होती. ज्या मावळ्यांच्या पूर्वजांनी या डोंगरांत राज्य उभे केले, त्यांना मात्र सूट नव्हती.

आता या कायद्याचा खरा चमत्कार पाहायचा असेल तर पुन्हा बेडशाच्या डोंगरावर उभे राहावे. आज तिथून खाली पवना धरणाचे पाणी दिसते, आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना. इंग्रजी अमलात बेडसे ज्या मावळ तालुक्यात, तो पुणे जिल्ह्यातला, खालसा मुलूख. पण पंतसचिवांच्या भोर संस्थानात जे पाच तालुके होते, त्यांतल्या एकाचे नावच मुळी पवनमावळ. आणि दुसरा, सुधागड, घाटाखाली कोकणात. नदी एक, भाषा एक, देव एक, सोयरीक एकमेकांत. पण मध्ये राज्याची हद्द. आणि कायद्याच्या लेखी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा प्रत्येक मुलूख परका. एखाद्याने आपली परवान्याची ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून भातावर पडणारी रानडुकरे हाकण्यासाठी संस्थानी हद्दीतल्या मेव्हण्याच्या शेतावर जायचे म्हटले, तर ती गोष्ट कायद्याच्या भाषेत ‘निर्यात’ होत होती, आणि परत येताना ‘आयात’! जी हत्यारे बाळगण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने ती स्वतःच्या वापरापुरती, वाजवी प्रमाणात नेली तर चालेल, अशी फट कायद्याने ठेवली होती खरी. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, हे ठरवणारा साहेब असे, आणि साहेबापुढे उभा राहणारा कुणबी.

एवढा बंदोबस्त करून सरकार निर्धास्त झाले काय? मुळीच नाही. कायद्याला वर्ष पुरते न होते तोच, फेब्रुवारी 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या माणसांनी घाटाखाली पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. पुढे फडके निजामाच्या हद्दीत माणसे जमवण्याच्या खटपटीत होते. जी हद्द सरकारने शस्त्र अडवण्यासाठी वापरली, तीच बंडखोराला आसरा वाटली. तीस वर्षांनी, 1909 साली, वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून मुंबईला आली ती पेटीच्या चोरकप्प्यातून. सावरकरांनी ती चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठवली होती, आणि त्यांतल्याच पिस्तुलाने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. साऱ्या देशाची हत्यारे मोजणाऱ्या सरकारला एका पेटीचा तळ मोजता आला नाही. कायद्याचा जाच झाला तो सरळ वाटेने जाणाऱ्याला. आडवाटेने जाणाऱ्याने कायद्याला विचारलेच नव्हते.

म्हणून या कायद्याविरुद्धची तक्रार केवळ क्रांतिकारकांची नव्हती. 1887 च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने त्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीदेखील, एका संबंध राष्ट्राचे शस्त्र काढून घेणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा मानला. ज्याने शस्त्र खाली ठेवायचे त्याच्या हातात ते आधी असले पाहिजे. हिसकावून घेतलेल्याची अहिंसा ती कसली? आणि 1931 च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, हे कलम होते.

मग स्वराज्य आले. 8 मार्च 1948 रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पवनेच्या खोऱ्यातली ती अदृश्य भिंत एका दिवसात पडली. निर्यातीवाचून मेव्हण्याकडे जाता येऊ लागले. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली. आता कराचीचे कलम तिच्यात शोधावे तर ते सापडत नाही. एकोणिसाव्या कलमात देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे. एकत्र जमण्याचाही हक्क आहे, पण कसा? शांततेने आणि शस्त्राविना. ज्या लोकांनी शस्त्र मागितले होते, त्यांनीच राज्य हाती येताच ते हक्कांच्या यादीतून बाहेर ठेवले. माणसाला सारा देश मोकळा झाला. हत्याराला झाला नाही.

याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. फाळणीच्या आगीतून नुकतेच बाहेर पडलेले ते लोक होते. भरल्या हातांनी जमलेला जमाव काय करतो, हे त्यांनी पाहिले होते. मात्र परक्याचा कायदा तसाच चालवायचा नाही, हेही त्यांनी जाणले. 1959 साली संसदेने नवा शस्त्र अधिनियम केला. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला आणि 1878 चा कायदा इतिहासजमा झाला. तलवारी-भाल्यांना आता सरसकट परवाना लागत नाही. सरकार जाहीर करील त्या भागातच लागतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची दखल कायद्यानेच घेतली. आणि गोऱ्या कातडीची सूट तर केव्हाच गेलेली होती.

पण शीव गेली नाही. ती फक्त सरकली. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. नकाशावरच्या रेघा बदलल्या आणि परवान्यावरच्या हद्दीच्या रकान्याला नवा अर्थ आला. आज पुण्याचा एखादा परवानाधारक आपल्या मोटारीतून बेळगावकडे निघाला, तर त्याने सर्वांआधी हा रकाना वाचायला हवा. परवाना अमुक एका मुलखापुरता असेल तर बंदूक त्या मुलखाबाहेर नेता येत नाही. साऱ्या भारतासाठी असेल तर मात्र निपाणीच्या नाक्यावर तिला परकी म्हणून कोणी अडवू शकत नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार न्यायचे ते त्यासाठीच केलेल्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात. अर्थात ते मागच्या बाकावर टाकून चहाला उतरणे या नियमात बसत नाही. दुसऱ्या कोणाला ते न्यायचे असेल तर एकतर धनी सोबत हवा, नाहीतर त्याची लेखी चिठ्ठी, आणि तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धन्याचा स्वतःचा वापर एवढ्यापुरतीच. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, आणि लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्या हौशी मंडळींसाठी तुरुंगाची सोय केली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुकाही पोलिसठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात.

वरवर पाहता कागद तोच, शिक्का तोच, रकानाही तोच. मग फरक कुठे पडला? 1878 च्या कागदावर राजाने प्रजेविषयीचा आपला संशय लिहिला होता, आणि तो जात पाहून लिहिला होता. आजच्या कागदावर शेजाऱ्याने शेजाऱ्याशी केलेला करार आहे. तो मोडायचा किंवा बदलायचा तर त्याची वाट मतपेटीतून जाते. अर्थात करारातही संशय डोकावू शकतो. साधा, प्रामाणिक शेतकरी परवान्यासाठी ताटकळत राहिला आणि आडवाटेचे गावठी पिस्तूल मात्र बिनबोभाट फिरत राहिले, तर 1909 च्या पेटीचा धडा आपण विसरलो असेच म्हणावे लागेल. कायदा सरळ वाटेवरच्या माणसाला सोपा आणि आडवाटेवरच्याला कठीण असावा. उलटे झाले की परक्याचे राज्य पुन्हा मागच्या दाराने घरात शिरते.

या दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मुले बंदूकधारी मावळे उभे करतील, आणि टिकल्यांची पिस्तुले घेऊन एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात खुशाल चाल करून जातील. त्यांना कोणी अडवू नये. फक्त ती मोठी झाली म्हणजे त्यांना एवढे सांगावे, की खऱ्या शस्त्राला शिवेवर थांबून आपले नाव सांगावे लागते. आणि त्या थांबण्यात एके काळी आपला अपमान होता, आज आपली जबाबदारी आहे.