तापीकांठचे शब्द आणि पर्यावरणाची परिभाषा

नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेडा हें तापीकांठचें गांव एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठीं व घोडेबाजारासाठीं सर्वश्रुत आहे. दत्तजयंतीस भरणाऱ्या त्या बाजारांत घोड्यास नुसतें घोडा म्हणून कोणाचेंच काम भागत नाहीं. तो अबलख कीं कुमाईत, चारी पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला पंचकल्याणी आहे कीं नाहीं, अंगावरचा भोवरा शुभ कीं अशुभ, हें नेमक्या शब्दांत सांगावें लागतें. कारण त्या शब्दावर किंमत वरखालीं होते. अबलख व कुमाईत हे शब्द मूळचे अरबी, पंचकल्याणी संस्कृत. पण बाजारांत शब्दांचें कुळ कोणी विचारीत नाहीं. ज्यांचें नफानुकसान शब्दावर अवलंबून असतें त्यांच्याच तोंडीं तो असला, म्हणजे नेमका राहतो. ह्याच कसोटीवर पर्यावरणविषयक परिभाषा घासून पाहण्याचा आमचा मानस आहे.

ही परिभाषा जगांत सर्वत्रच अलीकडची. गटेच्या एका जर्मन शब्दासाठीं कार्लाइलनें १८२८ सालीं इंग्रजींत ‘एन्व्हायर्नमेंट’ हा शब्द योजिला. हेकेल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८६६ सालीं ग्रीक शब्दांवरून ‘इकॉलॉजी’ घडविली, आणि टॅन्सलेनें १९३५ सालीं ‘इकोसिस्टिम’ हा शब्द पुढें आणिला. रुमानियन भाषेनें ‘सभोंवारचें माध्यम’ अशा अर्थाचा जोडशब्द केला, तर मराठीनें परि आणि आवरण जोडून ‘पर्यावरण’ साधिलें. इंग्रजी, रुमानियन व मराठी ह्या तिन्ही शब्दांचें म्हणणें एकच, कीं मनुष्य मध्यें व बाकीची सृष्टि त्याच्या भोंवतीं. परंतु त्याच रुमानियांत, डॅन्यूबच्या मुखाशीं तरंगणाऱ्या बोरूच्या बेटांस ‘प्लाउर’ म्हणतात, आणि इंग्रजी शास्त्रीय लेखनानेंहि तो शब्द जसाच्या तसा उचलला आहे. नदीकांठचा शब्द विद्वानांच्या पंक्तीस बसूं शकतो, ह्याचा हा दाखला होय.

आमच्याकडे असे शब्द नव्हते काय ? तापीस मिळणाऱ्या पांझरेच्या खोऱ्यांत फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. नदीवरील बंधाऱ्यापासून कालवा निघतो, कालव्यापासून चाऱ्या फुटतात, चारीचें पाणी शेतांत नेतो तो सारंग, आणि जादा पाणी काढून देतो तो सांडम. बंधाऱ्याखालची सारी जमीन म्हणजे थळ, व त्यांतील एका पिकाचा पट्टा म्हणजे फड. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या. कोणत्या वर्षीं कोणत्या फडांत कोणतें पीक, हें पंच ठरवीत. सारंग ह्या शब्दावरून सारंगखेड्याची व्युत्पत्ति लावण्याचा मोह कोणास होईल. पण केवळ ध्वनिसाम्य म्हणजे इतिहास नव्हे. आमचा मुद्दा निराळा आहे. ह्या प्रत्येक शब्दाच्या पोटीं कोणाचा तरी हक्क आणि कोणाचें तरी कर्तव्य आहे, आणि म्हणूनच हे शब्द घोडेबाजारांतील शब्दांइतकेच नेमके आहेत.

नव्या शब्दांचें तसें नाहीं. १९७२ सालीं पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या पाण्याखालीं तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील गांवें गेलीं. नकाशांत त्यांचें ‘बुडीतक्षेत्र’ झालें, आणि ह्या एका शब्दांत गांवठाण, मसणवट, देवस्थान व गायरान हीं सगळीं सारखींच बुडालीं. आतां सारंगखेड्यासहि तापीवर बॅरेज आहे. वर हतनूरच्या धरणांतून पाणी सुटलें, म्हणजे येथील दरवाजे उघडतात, आणि कांठच्या लोकांस ‘विसर्ग’ इतके क्युसेक असल्याचें कळविण्यांत येतें. अभियंत्यास तो आंकडा पुरेसा आहे. कांठावरच्या मनुष्यास मात्र पाणी कोठवर चढेल, एवढेंच जाणून घ्यावयाचें असतें.

कायद्याच्या प्रांतांत हें अंतर अधिकच जाचक होतें. १९७४ सालीं जलप्रदूषणाचा व १९८६ सालीं पर्यावरण-संरक्षणाचा कायदा झाला. २००६ च्या अधिसूचनेनें मोठ्या प्रकल्पांसाठीं जनसुनावणी सांगितली, व आघात-मूल्यांकनाचा सारांश स्थानिक भाषेंत देण्याचें बंधनहि घातलें. असें असतां २०२० सालीं तिच्या जागीं आणावयाचा मसुदा इंग्रजी व हिंदींतच प्रसिद्ध झाला. दिल्ली उच्च न्यायालयानें ३० जून २०२० रोजीं आठव्या अनुसूचींतील सर्व भाषांत त्याचें भाषांतर करण्याचा आदेश दिला, तेव्हां केंद्र सरकारनें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. ज्यांची जमीन जावयाची त्यांनीं हरकत कोणत्या भाषेंत वाचावी व कोणत्या भाषेंत लिहावी, हा प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नव्हे, हें ह्यावरून उघड होतें.

कोशांतील शब्द टाकून द्यावे, असें आमचें म्हणणें नाहीं. न्यायालयांत ‘प्रदूषण’ लागेल, आणि शास्त्रांत ‘परिसंस्था’ लागेल. परंतु परिभाषा घडविणाऱ्यांनीं थळ, सांडम, पाटकरी हे शब्द ग्राम्य म्हणून वगळूं नयेत. त्यांच्या शेजारींच नव्या शब्दांस बसवावें. आणि सरकारी सूचनेंत विसर्गाच्या आंकड्याबरोबर, पाणी घाटाच्या कोणत्या पायरीस लागेल, हेंहि एका ओळींत लिहावें.