भिंतीवरची नीळ

बारामती व इंदापूर या तालुक्यांत जुन्या घराची डागडुजी करतांना गवंड्यानें भिंत खरवडली, कीं नव्या प्लास्टिक रंगाच्या खालीं अनेकदा फिकट निळ्या चुन्याचे पापुद्रे निघतात. पुण्यामुंबईस स्थायिक झालेली मंडळी त्यांकडे पाहून "गरिबाघरचा रंग" असें म्हणतात. हा समज कितपत यथार्थ आहे, तें पाहूं.

या निळाईचें मूळ चुन्यांत आहे. नीरा-भीमेच्या काळ्या मातींत चुनखडीचे खडे विपुल सांपडतात. ते भट्टींत भाजून केलेल्या चुन्यांत मातीचा अंश राहतो व सफेदी किंचित् पिवळसर दिसते. तींत चिमूटभर नीळ घातली, कीं तो पिवळेपणा डोळ्यांस दिसेनासा होतो. परीट धोतरास नीळ देतो, तें याच कारणानें. चिमटीऐवजीं मूठ पडली, कीं पांढऱ्याचें आस्मानी होतें.

परंतु ही नीळ कोणती? झाडापासून काढलेली नीळ आपल्या देशांत प्राचीन. तिच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध गांधीजींनीं 1917 सालीं चंपारण्यांत लढा दिला, हें सर्वश्रुतच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें दुसरी एक कृत्रिम निळाई निघाली. पण चुन्यांत तिचें रूप पालटून ती गंजासारखी तपकिरी होते. बदकशानच्या राजावर्ताची पूड टिकाऊ खरी, पण ती सोन्याच्या मोलाची. तेव्हां 1824 सालीं पॅरिसच्या एका उद्योगसंस्थेनें, ही पूड स्वस्तांत कृत्रिम रीतीनें बनवील त्यास 6,000 फ्रँक जाहीर केले, आणि 1828 सालीं गिमे या रसायनज्ञास तें पारितोषिक मिळालें. चिनी माती, सोडा व गंधक एकत्र भाजून होणारा हा पदार्थ चुन्याच्या दाहकतेस दाद देत नाहीं. वाण्याच्या दुकानांतील पुडीची नीळ ती हीच. वस्तु बदलली, नांव तेंच राहिलें!

आतां दारिद्र्याचा प्रश्न. पांढरी माती व शेण ओढ्याकांठीं आणि गोठ्यांत फुकट मिळे. चुना व नीळ यांस रोख पैसा लागे. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि 1885 च्या सुमारास त्याचें पाणी या कोरड्या मुलखांत खेळूं लागलें. त्यामागून ऊंस आला, गूळ आला, पुढें 1930 नंतरच्या दशकांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. ज्या घरांत मातीच्या सारवणाची जागा निळ्या चुन्यानें घेतली, तेथें हातीं चार पैसे खुळखुळूं लागले होते, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. अर्थात् जिला आपण गरिबीची खूण समजतों, ती त्या घरच्या आजीच्या लेखीं भाग्याची पहिली खूण असावी.

शिवाय चुना हवेंतील कर्बवायु घेऊन पुन्हां दगड बनतो व आंतल्या ओलीस बाहेर पडूं देतो. मातीच्या भिंतीवर प्लास्टिक रंग चढविला, कीं ती ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. म्हणून भिंत खरवडण्यापूर्वीं ते थर एकदां मोजून पाहावे. एखादा थर दिवाळीचा, एखादा लेकीच्या लग्नाचा असेल. ज्या कुटुंबाची बखर कोणी लिहिली नाहीं, त्याची ती एवढीच बखर असते; ती घमेल्यांत भरून उकिरड्यावर टाकण्याआधीं निदान वाचावी.